अठ्ठावन्न ते सत्तर : मधल्या बारा वर्षांचा आरोग्य विमा
(विद्यार्थी व पालक यांच्यासाठी अभ्यासपाठ)



शेकडेवारी, गुणोत्तर आणि वेळापत्रक हे धडे आपण वर्गात शिकतो. ते घरात कोठे उपयोगी पडतात, असा प्रश्न मुले नेहमी विचारतात. या अंकातील पाठ त्या प्रश्नाचे एक उत्तर आहे. विषय आहे आरोग्य विमा, आणि तोही आयुष्याच्या एका ठरावीक टप्प्याचा : नोकरी संपल्यापासून सत्तरी गाठेपर्यंतचा. हा पाठ मुलांनी आधी स्वतः वाचावा आणि मग घरी आई-बाबांना, आजी-आजोबांना वाचून दाखवावा.

१. हा प्रश्न आत्ताच का?

दादरा व नगर हवेली २ ऑगस्ट १९५४ रोजी पोर्तुगीजांच्या ताब्यातून मुक्त झाली आणि १९६१ साली भारतात विलीन झाली. पुढे करसवलतींमुळे १९८० नंतरच्या दशकांत येथे कारखाने उभे राहिले. आमली, मसाट, पिपरिया, रखोली, सामरवरणी, दादरा, नरोली या भागांत कापड, सूत, प्लॅस्टिक अशा उद्योगांत काम मिळाले. महाराष्ट्रातून पुष्कळ कुटुंबे त्या काळात येथे आली व येथलीच झाली.

आता एक साधी वजाबाकी करा. १९९० साली जो तरुण २३ वर्षांचा होता, तो २०२५ साली ५८ वर्षांचा झाला. म्हणजे कारखान्यांत लागलेली ती पिढी आता निवृत्तीच्या दारात उभी आहे. अनेक खाजगी कारखान्यांत निवृत्तीचे वय ५८ असते, काही ठिकाणी ६० असते. नोकरीबरोबर पगार थांबतो हे सगळ्यांना ठाऊक असते. पण त्याच दिवशी कंपनीचा आरोग्य विमाही थांबतो, हे बहुतेकांना पहिल्या आजारपणातच कळते.

दुसऱ्या टोकाला एक चांगली बातमी आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून केंद्र सरकारने आयुष्मान भारत योजनेत ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांचा समावेश केला आहे. त्यात उत्पन्नाची अट नाही. वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचा रुग्णालयातील उपचार विनामूल्य मिळतो.

मग उरते ते मधले अंतर. ७० वजा ५८ बरोबर १२. या बारा वर्षांतच मधुमेह, रक्तदाब, मोतीबिंदू, गुडघे आणि हृदय यांच्या तक्रारी वाढतात. याच वर्षांत उत्पन्न सर्वांत कमी असते. पीएफची आयुष्यभराची रक्कम एका शस्त्रक्रियेत संपली, तर त्याचा भार शेवटी मुलांच्या शिक्षणावर येतो. म्हणून हा विषय केवळ आजोबांचा नाही, तुमचाही आहे.

या बारा वर्षांसाठी एकच एक स्वस्त पॉलिसी मिळत नाही. ती वर्षे पायऱ्या पायऱ्यांनी भरून काढावी लागतात आणि त्यांतल्या बहुतेक पायऱ्या नोकरीत असतानाच चढाव्या लागतात. त्या आता एकेक करून पाहू.

२. पहिली पायरी : जे हक्काचे आहे ते आधी घ्या

ज्यांच्या पगारातून ईएसआयची कपात होते, त्यांनी हा भाग नीट वाचावा. कर्मचारी राज्य विमा योजना १९४८ च्या कायद्याने आली आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली. १ जानेवारी २०१७ पासून दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणारे कामगार तिच्या कक्षेत येतात. १ जुलै २०१९ पासून कामगाराच्या वेतनातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के वर्गणी जमा होते.

उदाहरण : वेतन १६,००० रुपये.
कामगाराची वर्गणी = १६,००० × ०.७५ ÷ १०० = १२० रुपये दरमहा.
मालकाची वर्गणी = १६,००० × ३.२५ ÷ १०० = ५२० रुपये दरमहा.

हा १२० चा आकडा लक्षात ठेवा, कारण तो पुन्हा येणार आहे. जो कामगार किमान पाच वर्षे विमाधारक राहून निवृत्तीचे वय झाल्यावर नोकरी सोडतो, किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतो, त्याला स्वतःसाठी व पती किंवा पत्नीसाठी ईएसआयची वैद्यकीय सेवा पुढेही चालू ठेवता येते. त्यासाठी वर्षाला १२० रुपये आगाऊ भरायचे असतात. नोकरीत असताना आपल्या उदाहरणातील कामगार जेवढे एका महिन्याला देत होता, तेवढेच आता वर्षाला द्यायचे. म्हणजे महिन्याला १० रुपये.

एवढी स्वस्त सोय दुसरी नाही. तरीही ती घेणारे थोडे, कारण निवृत्तीच्या दिवशी हार-नारळ मिळतो, पण हा कागद कोणी आठवणीने हातात देत नाही. तो आपणच मागून घ्यावा लागतो. त्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात :

(अ) विमा क्रमांक आणि ओळखपत्र जपून ठेवावे. जुन्या कंपनीत एक क्रमांक आणि नव्या कंपनीत दुसरा असे झाले असेल, तर नोकरीत असतानाच शाखा कार्यालयात सांगून दुरुस्त करून घ्यावे.
(आ) निवृत्त होताना कंपनीकडून नोकरीचा कालावधी आणि निवृत्तीची तारीख लिहिलेले पत्र घ्यावे.
(इ) ईएसआयच्या शाखा कार्यालयात अर्ज देऊन १२० रुपये भरावेत आणि पावती सांभाळावी. पुढच्या वर्षाची तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी.
(ई) कोणत्या दवाखान्यात जायचे आणि मोठ्या शस्त्रक्रियेसाठी कोठे पाठवतात, हे आजारी पडण्याआधी विचारून घ्यावे. निवृत्तांची सोय नोकरीतल्या कामगाराच्या सोयीशी प्रत्येक बाबतीत सारखी असेलच असे धरून चालू नये.

शेवटच्या वर्षांत पगार २१,००० च्या वर गेल्यामुळे जे ईएसआयच्या बाहेर पडले, त्यांच्यासाठीही महामंडळाने फेब्रुवारी २०२४ मध्ये अट सैल करण्याचा निर्णय घेतला. १ एप्रिल २०१२ नंतर किमान पाच वर्षे विम्याखाली राहिलेले, १ एप्रिल २०१७ रोजी वा त्यानंतर निवृत्त झालेले आणि ३०,००० रुपयांपर्यंत वेतन असलेले कामगार त्यात धरले आहेत. अशांनी ‘आपले नाव तर केव्हाच कटले’ असे समजून घरी बसू नये. शाखा कार्यालयात जाऊन चौकशी करावी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे, त्यामुळे अर्जाचा नमुना व रक्कम भरण्याच्या वेळी कार्यालयात पुन्हा विचारून घ्यावी.

३. दुसरी पायरी : कंपनीची ग्रुप पॉलिसी सोडताना

ज्यांचे वेतन अधिक आहे त्यांना ईएसआय नसते. त्यांच्यासाठी कंपनी एखाद्या विमा कंपनीकडून सर्वांची मिळून एक पॉलिसी घेते. तिला ग्रुप पॉलिसी म्हणतात. नोकरी संपली की त्यातले नाव निघते.

मात्र ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय नियमांत आहे. तिचा फायदा असा की ग्रुपमध्ये सलग काढलेली वर्षे प्रतीक्षा काळात मोजली जातात. प्रतीक्षा काळ म्हणजे काय ते पुढे येईलच. वैयक्तिक पॉलिसीचा हप्ता मात्र वयाप्रमाणे लागतो आणि अटीही वेगळ्या असू शकतात. निवृत्तीच्या दीड-दोन महिने आधी मनुष्यबळ विभागाकडून विमा कंपनीचे नाव, पॉलिसी क्रमांक आणि आपण किती वर्षांपासून त्यात आहोत याचे पत्र घ्यावे व लेखी अर्ज करावा. नाव निघून गेल्यावर धावपळ करणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे.

मुलगा किंवा मुलगी नोकरीला असेल तर त्यांच्या कंपनीच्या पॉलिसीत आई-वडिलांचे नाव घालता येते का, हेही विचारावे. काही कंपन्यांत ही सोय असते. पण मुलाने नोकरी बदलली की ती जाते, म्हणून केवळ तिच्यावर विसंबून राहू नये.

४. तिसरी पायरी : यादीत आपले नाव आहे का?

आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांची येथे सुरू झाली. सत्तरीच्या आतील लोकांसाठी ती २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेतील कुटुंबांवर आधारलेली होती, पुढे निरनिराळ्या राज्यांनी व प्रदेशांनी आणखी कुटुंबे जोडली. आपल्या प्रदेशात प्रशासनाची संजीवनी स्वास्थ्य बीमा योजनाही होती. ज्यांच्या कपाटात तिचे जुने कार्ड पडून आहे, त्यांनी ते घेऊन सरकारी रुग्णालयातील आयुष्मान मदत कक्षात जावे आणि आपले कुटुंब आज पात्र आहे का ते पाहावे. १४५५५ या क्रमांकावरही माहिती मिळते. पात्र असल्यास सत्तरीची वाट पाहण्याची गरजच नाही.

निवृत्तीनंतर गावी परतणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ साली ती राजीव गांधी जीवनदायी योजना या नावाने सुरू झाली. २०२३ मध्ये ती राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना लागू करण्याचा निर्णय झाला, आणि १ जुलै २०२४ पासून तिचे संरक्षण कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत गेले. तिचा लाभ घेण्यासाठी महाराष्ट्रातील शिधापत्रिका किंवा रहिवासाचा पुरावा लागतो. येथे राहायचे आणि नाव गावच्या शिधापत्रिकेवर, किंवा गावी राहायचे आणि कार्ड सिल्वासाचे, असे अनेक घरांत असते. मग ऐन वेळी दोन्हीकडून नकार येतो. म्हणून म्हातारपणी कोठे राहायचे ते आधी ठरवा आणि कागदपत्रे त्या पत्त्यावर आणा.

५. चौथी पायरी : स्वतःची पॉलिसी

वरच्या तीनही पायऱ्या ज्यांना लागू होत नाहीत, किंवा ज्यांना त्या पुरेशा वाटत नाहीत, त्यांना स्वतःची पॉलिसी घ्यावी लागते. येथे पहिला प्रश्न येतो : ‘थोड्या महिन्यांपुरती स्वस्त पॉलिसी मिळते का?’ आपल्याकडे आरोग्य विमा साधारणपणे वर्षाचा असतो आणि दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. साडेतीन, साडेसहा व साडेनऊ महिन्यांच्या ‘कोरोना कवच’ पॉलिसी २०२० साली निघाल्या होत्या, पण त्या एकाच आजारासाठी होत्या. तेव्हा अल्पमुदतीच्या शोधात वेळ घालवण्यापेक्षा वार्षिक पॉलिसी समजून घेणे अधिक फायद्याचे.

काही शब्द शिकून घेऊ.

हप्ता : विम्यासाठी दरवर्षी भरायची रक्कम. वय वाढले की हप्ता वाढतो. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून माफ झाला आहे. तसेच ६० वर्षांवरील विमाधारकांचा हप्ता एका वर्षात १० टक्क्यांहून अधिक वाढवायचा असेल, तर कंपनीने आधी विमा नियामक प्राधिकरणाशी विचारविनिमय करावा, असा आदेश जानेवारी २०२५ मध्ये निघाला.

आधीपासूनचा आजार : पॉलिसी घेण्यापूर्वीच असलेला मधुमेह, रक्तदाब, दमा इत्यादी.

प्रतीक्षा काळ : पॉलिसी घेतल्यानंतर जितका काळ अशा आजाराचा खर्च मिळत नाही तो काळ. १ एप्रिल २०२४ पासून तो जास्तीत जास्त ३६ महिने ठेवता येतो. पूर्वी ही मर्यादा ४८ महिने होती. नव्या आजारांसाठीही पहिले ३० दिवस साधारणपणे सोडलेले असतात, अपघात मात्र पहिल्या दिवसापासून धरला जातो.

सहभाग : बिलाचा जो ठरावीक टक्का आपण स्वतः भरायचा असतो, त्याला कंपन्या को-पे म्हणतात. बिल ६०,००० रुपये आणि सहभाग ५ टक्के असेल तर आपण ३,००० रुपये भरायचे. सहभाग २० टक्के असेल तर १२,००० रुपये. ज्येष्ठांच्या पॉलिसीत हप्ता कमी दिसला, की ही टक्केवारी आधी पाहावी.

खोलीभाड्याची मर्यादा : दिवसाला किती भाड्याची खोली चालेल ती रक्कम. पुष्कळ पॉलिसींत आपण मर्यादेच्या दुप्पट भाड्याची खोली घेतली, तर डॉक्टरांची फी, शस्त्रक्रिया असे संबंधित खर्चही त्याच प्रमाणात म्हणजे निम्मे कापून मिळतात. शाळेतले गुणोत्तर येथे बरोबर लागू पडते.

कॅशलेस : रुग्णालयाचे बिल कंपनीने थेट भरणे. कॅशलेसची विनंती आल्यावर एका तासात, आणि घरी सोडताना अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी, असा नियम मे २०२४ मध्ये झाला.

आता मुख्य हिशेब. समजा, एका गृहस्थांना मधुमेह आहे आणि ते ५८ व्या वर्षी निवृत्त होणार आहेत. त्यांनी निवृत्तीनंतर पॉलिसी घेतली आणि प्रतीक्षा काळ पूर्ण ३६ महिन्यांचा असला, तर मधुमेहाशी संबंधित खर्च ६१ व्या वर्षानंतरच मिळेल. तीच पॉलिसी ५५ व्या वर्षी घेतली, तर निवृत्तीच्या दिवशी प्रतीक्षा काळ संपलेला असेल. त्या तीन वर्षांत कंपनीचा विमा सोबतीला असतोच. म्हणून पंचावन्नावे वर्ष हे या पाठातील सर्वांत महत्त्वाचे वर्ष आहे.

‘पासष्टी उलटली, आता कोण विमा देणार?’ असे म्हणणाऱ्यांनाही एक माहिती द्यायला हवी. पासष्टीनंतर नवीन पॉलिसी न देण्याची जुनी वयोमर्यादा एप्रिल २०२४ पासून नियमांतून काढली आहे. कंपनी तपासणी करील, हप्ता जास्त सांगेल, काही वेळा नकारही देईल. पण केवळ वयामुळे सर्व दारे बंद आहेत असे आता नाही. एकदा घेतलेली पॉलिसी वेळेवर चालू ठेवली, तर ‘तुम्ही क्लेम घेतला’ या कारणाने कंपनीला नूतनीकरण नाकारता येत नाही.

प्रथमच पॉलिसी घेणाऱ्यांनी ‘आरोग्य संजीवनी’ पाहावी. एप्रिल २०२० पासून अनेक कंपन्या ती एकाच ठरावीक मसुद्याने विकतात, त्यामुळे तुलना सोपी होते : अटी सारख्या, मग हप्ता आणि सेवा एवढेच पाहायचे. तिच्यात सहभाग ५ टक्के आहे. खोलीभाडे विमा रकमेच्या २ टक्के, पण दिवसाला ५,००० रुपयांपेक्षा जास्त नाही. म्हणजे २ लाखांच्या पॉलिसीत ४,००० रुपये, आणि ३ लाखांच्या पॉलिसीत २ टक्के ६,००० झाले तरी मिळणार ५,००० च.

हप्ता कमी ठेवण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे सुपर टॉप-अप. यात ठरलेल्या रकमेपर्यंतचा खर्च आपण स्वतः किंवा दुसऱ्या पॉलिसीतून करायचा आणि त्यावरचा कंपनीने द्यायचा. समजा ही मर्यादा ३ लाख आहे आणि एका वर्षात २ लाखांची दोन आजारपणे झाली. साधा टॉप-अप प्रत्येक बिल वेगळे पाहतो. दोन्ही बिले ३ लाखांच्या आत, म्हणून मिळाले शून्य. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज पाहतो. बेरीज ४ लाख, म्हणून मिळाला १ लाख. नाव जवळजवळ सारखे, फरक एक लाखाचा!

आणि एक कळकळीची सूचना. अर्जात आजार लपवू नका. ‘रक्तदाबाचं लिहू नका, हप्ता वाढेल,’ असा सल्ला देणारे भेटतात. क्लेमच्या दिवशी ते सोबत नसतात, जुन्या डॉक्टरांची चिठ्ठी मात्र फाईलमध्ये असते. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिल्यावर कंपनीला माहिती लपवल्याच्या कारणाने क्लेम नाकारता येत नाही, पण फसवणूक सिद्ध झाली तर तेही संरक्षण राहत नाही. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत ती परत करता येते. त्या दिवसांत घरातल्या शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचावी.

६. ज्याला आपण विमा समजतो, पण जो रुग्णालयाचे बिल भरत नाही

बँकेतून वर्षाला २० रुपये कापले जातात ती प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजना. ती अपघाती मृत्यू व अपंगत्वासाठी आहे. ४३६ रुपयांची जीवन ज्योती योजना मृत्यूनंतर वारसांना रक्कम देते आणि तिच्यात ५० व्या वर्षापर्यंतच प्रवेश मिळतो. दोन्ही उपयोगी आहेत, पण टायफॉईडचे किंवा मोतीबिंदूचे बिल त्यांतून मिळत नाही. ‘आमचा विमा आहे’ म्हणणाऱ्या आजोबांचे पासबुक एकदा उघडून पाहा.

त्याचप्रमाणे बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच लागू होतात. रोजच्या गोळ्या आणि तपासण्यांचा खर्च आपलाच. त्यासाठी सरकारी आरोग्य केंद्रातील तपासणी आणि जनऔषधी केंद्रातील औषधे यांचा आधार घ्यावा. सिल्वासात श्री विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटल पूर्वीपासून आहे, आणि ७ मार्च २०२५ रोजी ४५० खाटांच्या नमो रुग्णालयाचे उद्घाटन झाले. वासोणा, खानवेल या बाजूच्या कुटुंबांनीही घरी दुखणे काढत बसण्यापेक्षा तेथे वेळेवर तपासणी करून घ्यावी. वेळेवर सापडलेला रक्तदाब गोळीवर राहतो, न सापडलेला रुग्णवाहिकेत नेतो.

७. सत्तरी : वय वंदना कार्ड

सत्तर वर्षे पूर्ण झाली की आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येते. वय आधार कार्डावरील जन्मतारखेवरून मोजतात. कार्ड आयुष्मान ॲपवर किंवा रुग्णालयातील मदत कक्षात निघते. घरात सत्तरीपुढचे दोघे असतील तर दोघांत मिळून ५ लाख. कुटुंबाला आधीच आयुष्मान असेल तर ज्येष्ठांसाठी वेगळे ५ लाख मिळतात, ते तरुणांनी वापरायचे नाहीत. खाजगी विमा किंवा ईएसआय असणाऱ्यांनाही हे कार्ड मिळते. आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून धरले जातात. मात्र उपचार योजनेशी जोडलेल्या रुग्णालयातच घ्यावा लागतो.

येथे एक अडचण पुष्कळांना येते. जुन्या काळी जन्मनोंद नव्हती, म्हणून आधारवर अंदाजाने १ जानेवारी लिहिलेले असते आणि वर्षही कमी-जास्त असते. दोन वर्षांची चूक म्हणजे दोन वर्षे उशीर. शाळा सोडल्याचा दाखला किंवा दुसरा मान्य पुरावा असेल तर दुरुस्ती वेळेत करावी. जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते, म्हणून बरोबर पुराव्यानेच बदलावी.

८. परदेशी मुलांकडे जाणाऱ्या पालकांसाठी

आपल्या काही माजी विद्यार्थ्यांचे आई-वडील मुलांकडे अमेरिकेत जातात. तेथेही असाच मधला काळ आहे. तेथील ज्येष्ठांची सरकारी योजना, मेडिकेअर, ३० जुलै १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांच्या सहीने आली आणि ती सर्वसाधारणपणे ६५ व्या वर्षी लागू होते. मात्र येथून नव्याने कायम वास्तव्यासाठी गेलेल्या, तेथे नोकरी न केलेल्या पालकांना ६५ पूर्ण असली तरी सलग पाच वर्षे तेथे राहिल्यावरच हप्ता भरून तिच्यात शिरता येते. तोवर खाजगी विमा लागतो. आणि प्रवास विमा हा काही महिन्यांच्या भेटीपुरता असतो, आधीपासूनच्या आजारांना तो बहुधा वगळतो. जाताना येथली पॉलिसी बंद करू नये. परत आल्यावर प्रतीक्षा काळ पुन्हा पहिल्यापासून मोजावा लागेल.

९. तक्रार कोठे करावी?

क्लेम नाकारला तर कारण लेखी मागावे आणि प्रथम विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. आपल्या प्रदेशासाठी हे कार्यालय अहमदाबाद येथे आहे. फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी तेथे चालतात. कंपनीच्या उत्तरापासून एका वर्षाच्या आत जावे. विमा नियामक प्राधिकरणाचा क्रमांक १५५२५५ आहे.

१०. वयाप्रमाणे वेळापत्रक
(कापून घरात लावावे)

५५ वर्षे : स्वतःची पॉलिसी घेण्याचा विचार. आधारवरील जन्मतारीख व नाव तपासणे.
५७ वर्षे : ईएसआय क्रमांक, ग्रुप पॉलिसीची माहिती, शिधापत्रिकेचा पत्ता तपासणे. पूर्ण शारीरिक तपासणी.
निवृत्तीच्या दोन महिने आधी : कंपनीकडून पत्रे. ग्रुपमधून वैयक्तिक पॉलिसीसाठी अर्ज.
निवृत्तीचा महिना : ईएसआय शाखेत १२० रुपये व अर्ज.
५८ ते ७० : दरवर्षी नूतनीकरण, एकही खंड नाही. शक्य तेवढी रक्कम वेगळ्या आरोग्य खात्यात.
७० वर्षे : वय वंदना कार्ड.

विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय

१) वेतन २०,००० रुपये असल्यास कामगाराची व मालकाची ईएसआय वर्गणी काढा.
२) आजोबांनी ५६ व्या वर्षी ३६ महिने प्रतीक्षा काळाची पॉलिसी घेतली आणि ते ५८ व्या वर्षी निवृत्त झाले. जुन्या आजारासाठी किती काळ संरक्षण नव्हते?
३) सुपर टॉप-अपची मर्यादा २ लाख आहे. वर्षातील बिले ९०,०००, ८०,००० आणि १,१०,००० रुपये. कंपनी किती देईल?
४) घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीशी बोला. त्यांच्याकडे कोणकोणती कार्डे आहेत, प्रत्येकाची मुदत कधी संपते आणि ती कोठे ठेवली आहेत, हे एका पानावर लिहा. ते पान त्यांच्याच हाती द्या, वहीत ठेवू नका.

(उत्तरे : १. १५० व ६५० रुपये. २. एक वर्ष. ३. ८०,००० रुपये.)

विश्वस्तांना विनंती

शाळेत संगणक आहे, मोठ्या वर्गांतील मुलांना अर्ज भरता येतात आणि पालक सभेला सगळे येतातच. सत्राच्या एखाद्या रविवारी दोन तास शाळा उघडी ठेवून ज्येष्ठांची कार्डे तपासण्याचे काम मुलांकडून करून घेता येईल. कोणाचा ओटीपी किंवा पासवर्ड विचारायचा नाही, एवढा एकच नियम पाळावा. आपल्या निवृत्त होणाऱ्या शिक्षक-शिपाई बंधुभगिनींपासूनच सुरुवात करावी. त्यांनी आपल्या मुलांना शिकवले, सांभाळले. त्यांच्या मधल्या बारा वर्षांचा एक कागद वेळेत भरून देणे शाळेला नक्कीच जमेल.